कॅमेरा घेण्याआधी त्याची फाइल घरच्या लॅपटॉपवर कापून बघा

वाचकाचं पत्र: मी नाशिकरोडला राहतो, प्रेसच्या हिशेब विभागातून निवृत्त झालो. आई ८७ वर्षांची आहे. तिला जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ आहेत, त्या व्हिडिओत धरून ठेवायच्या आहेत. भाचीचं लग्न आलंय, आणि दरवर्षीची रामरथाची मिरवणूक असतेच. दिवाळीत मुलाच्या फोनवर बरंच शूटिंग केलं, पण ते लॅपटॉपवर अडकत अडकत चालतं आणि कापायला घेतलं की ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. ते अजून तसंच पडून आहे. लॅपटॉप २०१५ चा आहे, पाचव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, आणि इतक्यात बदलायचा नाही. समोर चार पर्याय आहेत. भाच्याकडे पडून असलेला मिनी-डीव्ही टेपचा हँडीकॅम, ओळखीतल्या एकाचा सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५, ऑनलाइन दिसणारा ‘४के, ६४ मेगापिक्सेल’वाला स्वस्त नवा हँडीकॅम, नाहीतर फोनच. एडिटिंगला सोपा जाईल असा कोणता घेऊ?

काका, तुम्ही प्रश्न योग्य टोकाकडून विचारलात याचा आनंद झाला. बहुतेक लोक झूम किती आणि मेगापिक्सेल किती हे विचारून कॅमेरा घेतात आणि मग शूटिंग हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षं पडून राहतं. लग्नाचं तीन तासांचं फूटेज कुणी बसून बघत नाही. वीस मिनिटांचं कापून दिलं तर घरातलं प्रत्येक जण बघतं आणि पुन्हा लावायला सांगतं. म्हणून घरगुती कॅमेऱ्यात मी सगळ्यात आधी बघते ती त्यातून निघणारी फाइल. ती तुमच्या लॅपटॉपवर, तुमच्या हातून, विनासायास कापली जाते का? बाकी सगळं त्यानंतर.

दिवाळीच्या फाइलींचं आधी बघू, कारण त्यांचा आजार कळला की कॅमेऱ्याचं उत्तर अर्धं मिळतं.

आजचे बरेच फोन ‘हाय एफिशियन्सी’ नावाच्या सेटिंगवर एच.२६५ या पद्धतीने व्हिडिओ दाबतात. जागा कमी लागते, चित्र चांगलं राहतं, पण दाबलेलं उलगडायला प्रोसेसरला फार मेहनत पडते. इंटेलच्या चिपमध्ये हे काम करणारा स्वतंत्र भाग नीट आला तो सहाव्या पिढीपासून. तुमचा लॅपटॉप पाचव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकला. त्यात शूटिंग ४के असेल तर एका फ्रेममध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके. लॅपटॉप अडखळला यात त्याचा दोष नाही. हाच लॅपटॉप एच.२६४ या जुन्या पद्धतीची फुल एचडी फाइल व्यवस्थित चालवतो, कारण ती सोय इंटेलच्या चिपमध्ये निदान २०११ पासून आहे.

ओठ आणि आवाज न जुळण्याचं कारण वेगळं आहे. फोन सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम घेतोच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की तो कधी २७ घेतो, कधी २९. फोनवर बघताना काही कळत नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र फ्रेमचं अंतर सारखं आहे असं धरून चालतं, आणि दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये आवाज हळूहळू घसरत जातो. कॅमकॉर्डर फ्रेमचा वेग पक्का धरतो. हँडीकॅम आजही घ्यावासा वाटतो याचं माझ्या दृष्टीने हे मोठं कारण आहे.

आता फाइलच्या पोटात काय असतं ते. तुम्ही हिशेब विभागात होता, तुम्हाला हे लगेच पटेल. वहीत महिन्याच्या सुरुवातीला पूर्ण शिल्लक लिहिली आणि पुढे रोज फक्त जमा-खर्च टिपला, तर १७ तारखेची शिल्लक सांगायला मागच्या पूर्ण शिलकेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. एच.२६४ आणि एच.२६५ च्या फाइली नेमक्या अशा लिहिलेल्या असतात. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं त्याची नोंद, साधारण अर्ध्या-एक सेकंदाने पुन्हा एक पूर्ण चित्र. तुम्ही मधल्याच फ्रेमवर कात्री ठेवली की लॅपटॉपला ती फ्रेम मागून जुळवत आणावी लागते. नुसतं सलग बघताना हा हिशेब ओघात होतो, एडिटिंगमध्ये मागे-पुढे उड्या मारताना तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. ‘व्हिडिओ चालतो पण कापता येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

भाच्याकडच्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यात असं काही नाही. १९९५ मध्ये आलेल्या या पद्धतीत प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपली कंपनी नाशिकला आणली तेव्हा त्यांच्या फिल्मच्या पट्टीवरही प्रत्येक चौकट पूर्णच असायची, कात्री कुठेही चालायची. कापायला डीव्हीइतकी सोपी फाइल घरगुती कॅमेऱ्यात नंतर क्वचितच आली. तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते आणि तुमच्या लॅपटॉपला ती अजिबात जड नाही.

तरीही तो घेऊ नका असंच सांगेन. टेपवरून लॅपटॉपवर आणायला फायरवायरचं पोर्ट लागतं, ते आजच्या लॅपटॉपला नसतंच आणि २०१५ च्या विंडोज लॅपटॉपलाही सहसा नाही. त्या कॅमेऱ्यांच्या यूएसबीमधून बहुधा फक्त फोटो किंवा अगदी हलक्या दर्जाचा व्हिडिओ येतो. तासाची टेप उतरवायला पूर्ण तास लागतो. टेपचं हेड झिजलेलं असलं तर चित्रात चौकोन पडतात आणि ते दुरुस्त करणारा माणूस शोधत फिरावं लागतं. चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे आजच्या टीव्हीवर मऊ दिसणार. भाच्याकडे जुन्या भरलेल्या टेप असतील तर मात्र तो कॅमेरा जपून ठेवा. त्या टेप उतरवायला तोच लागेल, आणि ते काम पुढे ढकलू नका.

ऑनलाइन दिसणारा ‘४के, ६४ मेगापिक्सेल’वाला तर सरळ सोडून द्या. या अनोळखी नावाच्या कॅमेऱ्यांमध्ये ४के हा आकडा बऱ्याचदा लहान चित्र फुगवून आणलेला असतो, १६ किंवा १८ पट झूम हा निव्वळ डिजिटल असतो, म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केलेला, आणि हात हलला की सावरणारं भिंग नसतं. मेगापिक्सेल हा फोटोचा आकडा आहे. फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेमला जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात.

राहिला सोनीचा सीएक्स४०५. तुमच्या चार पर्यायांत माझं मत याच्याकडे आहे, पण दोन गोष्टी आधी स्पष्ट करते.

त्यात तीन प्रकारच्या फाइली बनवता येतात आणि कुठली निवडता यावर तुमची सगळी सोय-गैरसोय ठरते. पहिला प्रकार एव्हीसीएचडी. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेला. यात कार्डावर फोल्डरमध्ये फोल्डर तयार होतात, आत एमटीएस नावाच्या फाइली असतात आणि लांब शूटिंगचे आपोआप तुकडे पडतात. ते तुकडे नुसते ओढून सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर जोडावर आवाजाला बारीकसा झटका बसतो. ओवीच्या मधोमध तो बसला तर कानाला टोचेल. शिवाय यातला आवाज सहसा डॉल्बीचा असतो. काही मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र येतं आणि आवाज येतच नाही, आणि माणूस कॅमेरा बिघडला समजून दुकानात धाव घेतो. याच प्रकारात ५०आय नावाचं सेटिंग असतं. त्यात एका फ्रेमच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपल्या जातात, त्यामुळे हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. तेही नको.

दुसरा प्रकार साधा एमपी-४. यात चित्र छोटं, फाइल हलकी. नातेवाइकांना पाठवायला उत्तम, एडिटिंगला नाही.

तिसरा एक्सएव्हीसी एस, आणि तुम्हाला हवा तो हाच. सोनीने २०१३ मध्ये आणला. आत एच.२६४, वरचं वेष्टन एमपी-४ चं, आवाज न दाबलेला. फाइल कार्डाच्या ‘प्रायव्हेट’ फोल्डरमध्ये ‘एम४रूट’, त्यात ‘क्लिप’ अशी सापडते आणि थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकता येते. वेग सेकंदाला ५० मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण २२.५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात अडीच तासांहून थोडं अधिक बसतं. कार्ड मायक्रो एसडी लागतं, ६४ जीबी किंवा मोठं, क्लास १० किंवा त्याहून वेगवान. घरात पडलेलं जुनं, लहान किंवा संथ कार्ड या प्रकाराला चालत नाही. आणखी एक चांगली सोय म्हणजे हा कॅमेरा एक्सएव्हीसी एस लिहिता लिहिता त्याच वेळी छोटी एमपी-४ फाइलही बनवू शकतो. लग्नातला एखादा क्षण संध्याकाळीच मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायचा असला तर छोटी फाइल तयार असते आणि मोठीला हात लावावा लागत नाही.

फ्रेमचा वेग १०८०/२५पी ठेवा, म्हणजे फुल एचडी आणि सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम. मिरवणुकीसाठी ५०पी, तिथे रथ हलतोय, माणसं धावतायत, गुलाल उडतोय. दोन्ही एकाच एडिटिंगमध्ये नीट मिसळतात, कारण ५० ला २५ ने पूर्ण भाग जातो. फोनवरच्या ३० फ्रेमच्या क्लिप मात्र २५ मध्ये घातल्या की बारीक झटके देतात. भाचीच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या फोनवरही शूटिंग होणार असेल तर जमल्यास आधीच त्याला २५ चं सेटिंग करायला सांगा.

२५ आणि ५० चा आग्रह आणखी एका कारणाने. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. अमेरिकेतून कुणी आणलेला हँडीकॅम ३० किंवा ६० फ्रेमचा असतो, आणि आपल्या ट्यूबलाइटखाली त्यात फडफड दिसू शकते. एडिटिंगमध्ये ती काढणं फार जिकिरीचं. म्हणून ओळखीतल्या माणसाला विचारा, हा कॅमेरा इथे घेतलेला की तिकडून आणलेला? मेन्यूत ५०पी आणि २५पी दिसायला हवं. ६०पी दिसलं तर घेऊ नका.

आता त्याच्या उणिवा. सीएक्स४०५ चा सेन्सर फार लहान आहे. ऑप्टिकल झूम ३० पट, भिंग हात सावरतं, दिवसाउजेडी चित्र स्वच्छ. पण लग्नाच्या रात्रीच्या कार्यक्रमात किंवा कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात मागच्या रांगेतून घेतलंत तर चित्रात दाणे येतील. हे दाणे दर फ्रेमला बदलतात, त्यामुळे फाइल दाबताना बारकावे आणखी पुसले जातात. रात्रीच्या समारंभात झूम न करता शक्य तितकं जवळ जा.

दुसरी उणीव तुमच्यासाठी मोठी आहे. या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडायची सोय नाही. तुमच्या आईंच्या, म्हणजे आमच्या आजींच्या, ओव्यांसाठी मला चित्रापेक्षा आवाजाची काळजी जास्त वाटते. कॅमेरा पाच फुटांवर असेल तर त्याच्यावरचा माइक जात्याची घरघर, पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्न तितक्याच आस्थेने टिपेल. यावर उपाय सोपा आणि जवळजवळ फुकट आहे. फोनला साधा कॉलर माइक जोडा, आजींच्या पदराला लावा आणि फोनच्या रेकॉर्डरवर फक्त आवाज घ्या. कॅमेरा सुरू झाला की चेहऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज जुळला, मग कॅमेऱ्याचा आवाज बंद करून टाका. कॅमकॉर्डर फ्रेमचा वेग पक्का धरतो म्हणून हे पाच-दहा मिनिटांच्या क्लिपला नीट चालतं. तासभर सलग नका घेऊ. प्रत्येक ओवीमालिकेला वेगळी क्लिप, वेगळी टाळी.

हा टाळीचा खटाटोप नको असेल तर माइकचं सॉकेट असलेला हँडीकॅम शोधा. कॅननच्या लेग्रिया एचएफ आर८०६ ला ते आहे, आणि त्यात एमपी-४ चा पर्यायही आहे. तो निवडलात तर एव्हीसीएचडी सोडून एमपी-४ वर ठेवा. घरगुती हँडीकॅम बनवणं बऱ्याच कंपन्यांनी कमी केलंय, त्यामुळे दुकानात जे मिळेल त्यातूनच निवडावं लागेल. मॉडेल कुठलंही असो, पुढची परीक्षा चुकवू नका.

पैसे देण्याआधी स्वतःचं रिकामं कार्ड घेऊन जा. ओळखीतल्याच्या घरी जा किंवा एमजी रोडच्या दुकानात, कॅमेऱ्यात ते घाला, सेटिंग वर सांगितलं तसं ठेवा आणि दोन मिनिटं शूटिंग करा. थोडं चालत, थोडं समोरच्या पाटीवर झूम करत, कुणी बोलतंय असं, आणि दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं. कार्ड घरी आणा. लॅपटॉपवर शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाका, ते मोफत आहे आणि जवळजवळ कुठलीही फाइल उघडतं. क्लिप टाइमलाइनवर ठेवून पाच-सहा ठिकाणी कापा, मधले तुकडे काढा, माउसने मागे-पुढे ओढा. चित्र बोटामागे लगेच येतं का? ओठ आणि आवाज शेवटपर्यंत जुळलेले आहेत का? मग एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर टीव्हीला लावा. दुकानदार कार्ड घालू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. ओळखीतला माणूस नमुना पाठवतो म्हणाला तर व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून घेऊ नका. व्हॉट्सअॅप व्हिडिओ पुन्हा दाबतं, आणि तुमच्याकडे आलेली फाइल कॅमेऱ्याची उरतच नाही. पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागा.

सेकंडहँड असल्यामुळे बॅटरी किती टिकते तेही तिथेच बघा. एनपी-बीएक्स१ ही बॅटरी याला लागते, एक जादा घेऊन ठेवा. लग्नात चार्जिंगची जागा कधीच मोकळी नसते.

दिवाळीचं शूटिंगही वाया गेलेलं नाही. शॉटकटमध्ये फाइल उघडली की फ्रेमचा वेग कमी-जास्त असल्याचं ते ओळखतं आणि एडिटिंगला सोप्या फाइलमध्ये बदलून देऊ का असं विचारतं. हो म्हणा. सगळ्यात हलका पर्याय तुमच्या लॅपटॉपला पुरेल. बदलायला बराच वेळ लागेल, रात्री लावून झोपा. नवी फाइल मोठी होईल आणि कापताना अडखळणार नाही. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअरही हेच करतं, तिथे एच.२६४ आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायला विसरू नका. मूळ फाइल मात्र पुसू नका. लॅपटॉप बदलला की तीच चांगल्या दर्जात वापरता येईल.

कार्डावरून कॉपी करताना आतल्या फाइली न निवडता आख्खं कार्डच तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवा, आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

शेवटी आजींविषयी. जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं फार मोठं काम हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर केलं, एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. तरी एका घरातल्या, एका आवाजातल्या ओव्या त्या घरानेच टिपायच्या असतात, आणि ८७ व्या वर्षी त्या आठवतायत हे मोठं भाग्य आहे. त्यासाठी कॅमेऱ्याची वाट बघू नका. या रविवारी मुलाच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगला जाऊन ‘हाय एफिशियन्सी’ऐवजी ‘मोस्ट कम्पॅटिबल’ किंवा एच.२६४ निवडा, ४के वरून १०८० वर आणा. सकाळी खिडकीशेजारी आजींना अशा बसवा की उजेड चेहऱ्यावर पडेल. पंखा बंद करा. फोन हातात न धरता उशांच्या टेकूने उभा ठेवा आणि शक्य तितका जवळ, तीन फुटांच्या आत. क्लिप तीन-चार मिनिटांच्याच घ्या, म्हणजे आवाज घसरायला वाव राहत नाही. दोन ओव्यांच्या मध्ये आजी थांबल्या की लगेच बंद करू नका. ही ओवी कुणाकडून शिकलात, त्यातलं गाव कुठलं, नाव कुणाचं, हे त्यांना विचारा आणि उत्तरं पूर्ण येऊ द्या. लग्नाच्या गडबडीआधी हँडीकॅम ठरला तर मिरवणुकीला तो आहेच.